ओल्या मोज्यातल्या चार काड्या

मित्रांनो, काचेला नाक लावून खुशाल बघा, पण कपाटाचं दार तेवढं उघडू नका. मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, झाडं छाटायची. बागवाले मला सिकेटर म्हणतात. माझ्या मुठी एकेकाळी लालभडक होत्या, आता रंग उडून आतलं लोखंड दिसायला लागलंय. धार मात्र अजून शाबूत आहे, आणि मला भीती वाटते ती तिचीच.

मला या कपाटात मान म्हणून ठेवलंय की शिक्षा म्हणून, ते अजून कळलेलं नाही. ही झाडं तपासायची कचेरी. परदेशातून येणाऱ्या लोकांच्या बॅगा समोरच्या लांब टेबलावर उघडतात आणि त्यात काही झाडपाला, फळं, बिया आहेत का ते बघतात. महिन्यातून एकदा तुमच्यासारखी शाळेतली मुलं येतात. तपासणीसबाई त्यांना माझ्यासमोर उभं करतात आणि म्हणतात, "या कात्रीनं माझ्या आईचं झाड मारलं." पुढचं त्या सांगत नाहीत, कारण पुढचं सांगताना त्यांचा आवाज बसतो. तेव्हा ते मीच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाल तापलेल्या पोलादाच्या पट्टीवर घण बसला, मग सहाणेवर घासलं, मग दोन पाती एका बोल्टात अडकवली आणि मध्ये स्प्रिंग बसवली. तिथून एका हार्डवेअरच्या दुकानात आले आणि खिळ्यांच्या डब्यांशेजारी सहा महिने लटकत राहिले. एके दिवशी एक बाई आली. तिनं पिशवीतून स्वतःची हिरवी काडी काढली, एकेक कात्री घेऊन ती कापली आणि दारात उजेडाला जाऊन काप बघत बसली. दुकानदार म्हणाला, "आक्का, पाचवी कात्री झाली ही." आक्का म्हणाली, "हात माझा दुखणार आहे, तुझा नाही." पाचवी कात्री मी होते. "ही काडी चिरडत नाही," ती म्हणाली आणि मला कमरेच्या चामडी पाकिटात घालून घेऊन गेली.

आक्का कलमं बांधायची आणि लोकांच्या अंगणातली झाडं छाटायची. तीन खोल्यांचं घर, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड आणि नळापाशी ओळीनं कुंड्या. मागच्या दाराच्या खिडकीत स्पिरिटची बाटली असायची आणि बाटलीच्या गळ्याला सुतळीनं बांधलेलं फडकं. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना आक्का मला त्या फडक्यानं पुसायची, मुठीपर्यंत, बोल्टापर्यंत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांपर्यंत. बाहेर कामाला गेली तरी छोटी बाटली बरोबर असायची. कुणी विचारलं की म्हणायची, "एकाचं उष्टं दुसऱ्याला द्यायचं नाही." मला तेव्हा त्या वासाचा कंटाळा यायचा. आता तोच वास आला की मला धीर येतो.

अशी शिस्तीची बाई, पण तिला एक खोड होती. मी हातात असले की आक्काला झाडाजवळून सरळ म्हणून जाता यायचं नाही. बोलता बोलता, हसता हसता, एखादी वाकडी काडी डोळ्याला खुपली की तिचे हात शिवशिवायचे, आणि कट् असा आवाज झाल्यावरच तिला कळायचं की आपण कापलंय. एकदा दाढदुखी घेऊन दवाखान्यात गेली आणि तिथलं मेंदीचं कुंपण छाटून परत आली. दाढ दाखवायची राहूनच गेली. गल्लीत या खोडीवर सगळे हसायचे. मीही हसले होते.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे नाशपातीची तीस कलमं. खुंट म्हणजे जमिनीतलं मुळाचं रोप, त्याला चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी त्यात बसवायची आणि वरून पट्टी बांधायची. तीसही काड्या मी कापल्या. तिसांतलं एक जगलं. आक्का त्या वर्षी गरोदर होती. ती रोज त्या एका रोपापाशी पाटावर बसायची आणि त्याच्याशी बोलायची. मुलगी झाली तेव्हा तिनं रोपाचं नाव थोरली ठेवलं, कारण ते चार महिन्यांनी मोठं होतं. मुलीला सगळे बेबी म्हणायला लागले. पाहुणे आले की आक्का सांगायची, "मला दोन मुली. थोरली मागे उभी आहे, धाकटी शाळेत गेलीय."

थोरली वाढली ती कौलांच्या वर गेली. फुलोऱ्यात तिच्याकडे बघताना डोळे दिपायचे. तिच्या काड्यांवरून आक्कानं निम्म्या गल्लीत झाडं लावून दिली. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या खिडकीशी एक, शाळेच्या आवारात सहा, आणखी कुठे कुठे. रस्त्याच्या कडेला नगरपालिकेनं लावलेली शोभेची नाशपातीही होती, फळ न देणारी, नुसती फुलणारी. फुलांच्या दिवसांत आमची गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी व्हायची आणि लोक फोटो काढायला यायचे. आक्का मला पुसत पुसत म्हणायची, "सगळं हिच्या हातचं." मित्रांनो, कात्रीला कुणी नावाजत नाही. मला नावाजलं गेलं होतं. म्हणून पुढचं सांगताना जीव अर्धा होतो.

बेबी शिकली आणि या कचेरीत तपासणीस झाली. बेबी तीस वर्षांची झाली तरी गल्लीला बेबीच होती, आणि "आमची बेबी परदेशातल्या बॅगा उघडते" असं शिंपीकाका मोठ्या कौतुकानं सांगायचे. एकदा जेवताना तिनं ताट बाजूला सारलं आणि आईला एका रोगाबद्दल सांगितलं. लांबच्या देशांत बागाच्या बागा गेल्या होत्या. कचेरीत त्या रोगाचं लांबलचक नाव होतं, पण बागवाल्यांनी त्याला आगलाव्या म्हणायला सुरुवात केली होती.

"झाड जळल्यासारखं दिसतं, आई, पण आग कुठेच नसते. कोवळा शेंडा काळा पडतो आणि छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. पानं काळी होतात, पण गळत नाहीत. सालीवर मधासारखे थेंब येतात. त्या एका थेंबात लाखो जंतू. पाऊस नेतो, मधमाशी नेते, कात्री नेते. नाशपाती, सफरचंद, शोभेची झाडं, काही सोडत नाही. एकदा खोडात उतरला की औषध नाही. तोडायचं आणि जाळायचं."

"आपल्याकडे कुठे आलाय तो," आक्का म्हणाली.

"आला नाही, म्हणून तर रोज बॅगा उघडते."

मी खुंटीवर लटकत ऐकत होते. कात्री नेते, हे दोन शब्द मला टोचले. पण खिडकीत स्पिरिटची बाटली होती, फडकं होतं, आणि आक्का होती. मी निर्धास्त झोपले.

त्या थंडीत मामा आला. मामा म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ, जहाजावर स्वयंपाकी. दोन वर्षांनी यायचा, पाच-सहा महिने राहायचा आणि सगळ्यांना हसवून परत जायचा. पुढचं मी इथे आल्यावर ऐकलं. त्या दिवशी कचेरीच्या टेबलाशी बेबी नव्हती, तिचा सहकारी होता. त्यानं विचारलं, "काही झाडपाला, फळं?" मामा म्हणाला, "अहो, मळक्या कपड्यांशिवाय काय असणार माझ्याकडे? मी तुमच्या बाईंचा मामा." सहकारी हसला आणि बॅग न उघडताच त्यानं हात केला. बाईंच्या मामाची बॅग काय उघडायची, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर मामानं बॅगेच्या तळातून एक ओला मोजा काढला. मोज्यात नाशपातीच्या काड्या होत्या, बोटभर जाड, अंकुराचे डोळे फुगलेल्या.

"तिकडे एका बागेत हे फळ खाल्लं, आक्का. असं फळ मी जन्मात खाल्लं नव्हतं. तुझी आठवण झाली."

आक्कानं काड्या हातात घेतल्या आणि लगेच खाली ठेवल्या. "बेबीला कळलं तर?"

"चारच तर काड्या आहेत. घरच्यासाठीच आहेत, विकायच्या थोड्याच आहेत? फळ लागलं की तिला खाऊ घालू. खाईल आणि गप्प बसेल."

आक्कानं काड्या पुन्हा उचलल्या. तिनं त्या उलटसुलट केल्या, वास घेतला. मित्रांनो, भावानं दोन वर्षांनी आणलेली भेट होती ती. आणि काड्या दिसायला इतक्या सुंदर होत्या की रोग असेल असं कुणालाही वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही. त्याच दुपारी मी त्या चार काड्या तिरप्या कापल्या, आणि आक्कानं नळाजवळच्या चार कुंड्यांत कलमं बांधली. बेबीला सांगितलं, बाजारातून काड्या आणल्या.

तीन वाळल्या, एक फुटलं. ऊन तापायला लागलं तशी त्याला चांगली वीतभर फूट आली. थोरली तेव्हा फुलोऱ्यातून नुकती बाहेर पडत होती. एका सकाळी आक्का शेजारणीशी कुंपणावरून बोलत बोलत अंगणात आली. मी तिच्या हातात होते. कुंडीतल्या कलमाचा शेंडा मान टाकून बसला होता, टोकाला काळपट झाला होता. "पाणी कमी पडलं वाटतं," आक्का म्हणाली आणि तिनं तो शेंडा माझ्याकडून कापला. माझ्या पात्यांवर काहीतरी चिकट लागलं. डिंक असा नसतो. हे पातळ होतं, गार होतं, आणि माझ्या बोल्टाच्या खाचेत सरकत गेलं.

खिडकीतली बाटली तिथून तीन पावलांवर होती. आक्का बाटलीकडेच निघाली होती. शेजारीण काहीतरी म्हणाली, आक्का हसली, आणि वाटेत थोरलीची एक आडवी फूट तिच्या खांद्याला घासली. मला कळलं आता काय होणार. मी बोल्ट घट्ट धरायचा प्रयत्न केला. पण कात्रीच्या हातात काय असतं? कट्.

मग तिनं मला पुसलं, नीट, मुठीपर्यंत. खोड आधी, शिस्त नंतर. एका क्षणाचा उलटा क्रम झाला होता, बस्स.

पुढचे पंधरा दिवस मी थोरलीकडे बघत खुंटीवर लटकत होते. खिडकीतून मला ती आडवी फूट दिसायची. रोज सकाळी ती हिरवी दिसली की मला हायसं वाटायचं. सोळाव्या दिवशी ती हिरवी नव्हती. टोक काळं पडलं होतं आणि छत्रीच्या मुठीसारखं वाकलं होतं.

आक्का झारी घेऊन आली आणि बघून तिथेच थांबली. झारीतलं पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं. जेवतानाचं बेबीचं बोलणं तिला आठवलं असणार, कारण तिनं वर थोरलीकडे बघितलं नाही, आधी नळाजवळच्या कुंडीकडे बघितलं. ते कलम मुळापर्यंत काळं झालं होतं. मामा शेडमधून बाहेर आला.

"उन्हानं झालं असेल," तो म्हणाला.

"नाही," आक्का म्हणाली.

"मग बेबीला सांगून टाकूया."

"सांगितलं तर थोरली गेली. तुझी जहाजावरची नोकरी गेली. आणि ती? तिच्याच मामानं, तिच्याच घरात आणला म्हटल्यावर ती कचेरीत तोंड कसं दाखवेल?" आक्कानं झारी खाली ठेवली. "एकच फांदी आहे. मी काढते. कुणाला कळायचं नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. कुंडीतलं कलम आक्कानं त्याच दिवशी उपटून जाळलं. बेबी कचेरीत गेली की आक्का दाराला कडी लावायची आणि शिडी घेऊन थोरलीवर चढायची. काळी पडलेली फूट कापायची, पत्र्याच्या पिंपात जाळायची, राख दाबून टाकायची. बेबीनं विचारलं, "कसला वास येतोय?" तर म्हणायची, "कचरा जाळला." आणि मित्रांनो, आता ऐका, ती काय चुकली. ते छाटणीचे दिवस नव्हते. त्या दिवसांत आक्काच्या हाताला स्पिरिटचा वास आला असता तर बेबीनं लगेच विचारलं असतं, आत्ता कसली छाटणी? म्हणून आक्कानं स्पिरिट सोडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती मला साध्या पाण्यानं विसळायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची. एक काळी फूट कापली की तोच चिकट थेंब घेऊन मी पुढच्या फांदीत शिरायची. ती थोरलीला वाचवायला मला चालवत होती, आणि मी प्रत्येक कापाबरोबर थोरलीला आणखी आत मारत होते. मला तोंड नाही. असतं तर त्या अंगणात मी बोंब मारली असती.

मग एका दुपारी शिंपीकाकांनी हाक मारली. त्यांच्या खिडकीशी थोरलीचीच लेक उभी होती. तिच्या सावलीत त्यांचं शिवणाचं मशीन असायचं. काकू गेल्यापासून काका दिवसभर त्या खिडकीत बसून असायचे. ते झाड काकूंनी हौसेनं लावून घेतलं होतं. एक फांदी वाऱ्यानं पत्र्यावर घासत होती आणि त्या आवाजानं काकांना झोप यायची नाही.

"आक्का, एवढी एक फांदी काढून देतेस का? तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही मला."

आक्का दारात अडखळली. नंतर येते म्हणावं, तर तीस वर्षांत तिनं काकांना कधी नंतर म्हटलं नव्हतं. छोटी बाटली घरी होती. काका स्टूल धरून उभे होते. ती चढली. फांदीला पाती लावून ती क्षणभर तशीच थांबली. मला तिच्या तळव्याचा घाम लागत होता. मी मनात म्हणत होते, उतर, आक्का, उतर, घरी जा, बाटली आण. खालून काका म्हणाले, "उंच झालं का गं? उतर, नसेल जमत तर." आणि लाज वाटून आक्कानं दाबलं.

घरी येऊन तिनं मला पिठाच्या डब्यामागे लपवलं. तिथे अंधारात मी किती दिवस होते माहीत नाही. फक्त आवाज ऐकू यायचे. मामाचं हसणं बंद झालं होतं. आक्का स्वयंपाक करताना भांडी पाडायची. बेबी म्हणायची, "आई, तू आजारी आहेस का? चेहरा बघ कसा झालाय." आक्का म्हणायची, "उन्हाळा बाधतो आता."

एका रविवारी सगळे टेबलाशी बसले असताना शिंपीकाका आले. मला त्यांच्या चपलांचा आवाज ओळखू आला.

"आक्का, जरा बघ बरं," ते म्हणाले. "पाणी कमी पडलं का माझं? खिडकीतल्या झाडाला असं झालंय."

टेबलावर काहीतरी हलकं ठेवल्याचा आवाज झाला. मग खुर्ची सरकली आणि बेबीचा आवाज आला, घरातला नव्हे, कचेरीतला.

"काका, याला हात लावू नका आता. कुणीच लावू नका. हे कधीपासून आहे?"

"आठेक दिवस झाले. का गं?"

"हा तोच रोग आहे. तपासणी करावी लागेल, पण तोच आहे." ती भराभर बोलत होती. "म्हणजे इथे पहिला तुमच्याच झाडावर आला. काका, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे बाहेरून कुणी आलं होतं? काही रोप, काडी, फळ? आठवा. लोक विचारतील, मलाही विचारावं लागेल."

"माझ्याकडे कोण येणार?" काकांचा आवाज बारीक झाला. "मी काय केलं? मी नुसतं पाणी घालतो रोज. बेबी, माझ्यामुळे गल्लीतली झाडं जातील का? तुझ्या काकूनं लावलेलं झाड आहे गं ते."

मित्रांनो, त्या वेळी आक्का गप्प बसली असती तर दोष काकांच्या माथी बसला असता आणि मामा सुटला असता. थोरली आणखी थोडे दिवस उभी राहिली असती. आक्काला ते कळत होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग पावलं आली, पिठाचा डबा सरकला, उजेड पडला, आणि आक्कानं मला उचलून टेबलावर त्या काळ्या काडीशेजारी ठेवलं.

"हिनं केलं," ती म्हणाली. "म्हणजे मी केलं. पहिला थोरलीवर आला. काकांच्या झाडाला मी दिला."

मामा उठून म्हणाला, "नाही. आणला मी. मोज्यातून."

बेबीनं मला हातमोजा घालून उचललं. माझ्या स्प्रिंगच्या वेटोळ्यात एक वाळलेला थेंब होता, मधाच्या रंगाचा. तिनं तो बघितला आणि मागच्या दाराकडे बघितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही.

"आई, किती दिवस माहीत होतं तुला?"

"सव्वा महिना."

"मी रोज बॅगा उघडते. रोज. सव्वा महिना मी तुझ्याच हातचं जेवत होते."

"थोरलीला वाचवायचं होतं," आक्का म्हणाली. "थोरलीला वाचवायला धाकटीशी खोटं बोलले."

शिंपीकाका दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आक्का, मला म्हणाली असतीस तर मी फांदीचा आवाज सहन केला असता गं." एवढंच बोलले म्हणून आक्काला जास्त लागलं.

आक्कानं स्पिरिट सोडल्याचंही सांगितलं, तेव्हा बेबीनं कागद पुढे ओढला. "सांग आता. स्पिरिट सोडल्यापासून कात्री कुठे कुठे गेली? एक काडी विसरू नकोस." आणि इथे आक्काची ती जुनी खोड उपयोगी पडली. तिचे हात न विचारता कापायचे, पण कापलेलं तिला कधी विसरायला व्हायचं नाही. तिनं डोळे मिटले आणि सांगितलं. थोरलीच्या एकोणीस फांद्या. शिंपीकाकांची एक. येताना रस्त्याच्या कडेच्या तिसऱ्या झाडाची एक वाकडी काडी. शाळेत गेलीच नव्हती. बेबीनं तीनदा विचारलं, शाळेत नक्की नाही? आक्का म्हणाली, "नाही. वाटेत होती, पण मुलं सुटली होती, त्यांच्यात कात्री घेऊन नको म्हटलं."

पुढच्या आठवड्यात तोडणारी माणसं आली. पांढरे कपडे, पायांना पिशव्या. ज्या झाडांवर रोग होता ती आणि त्यांच्या आसपासची सगळी जाणार होती. शिंपीकाकांचं झाड गेलं. रस्त्याच्या कडेची बत्तीस झाडं गेली, कारण मधमाश्यांनी कुठपर्यंत नेलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. आक्कानं सगळं खरं सांगितलं म्हणून शाळेची सहा झाडं नुसती तपासली आणि ती वाचली. गल्लीतले काही लोक तिच्याशी अजून बोलत नाहीत. मामाला दंड झाला, आणि ज्यानं बॅग न उघडता हात केला त्याची बदली झाली.

थोरली शेवटी. आक्का अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "पहिला काप मी देते. हिला मीच बांधली होती." बेबीनं मला स्पिरिटच्या डब्यातून काढून तिच्या हातात दिलं. आक्कानं एक फूट धरली, जिच्यावर कोवळी फळं होती, सुपारीएवढी, काळी पडलेली. तिच्या हाताला मी तीस वर्षं ओळखत होते. तो हात कापताना कधी अडखळला नव्हता, काकांच्या स्टुलावर सोडून. आता अडखळला. काडीचा काप चिरडला गेला, आयुष्यात पहिल्यांदा. मग करवतवाल्यांनी यंत्र सुरू केलं आणि आक्का घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस पिंप जळत होतं. मुळं खणून काढली, तेव्हा अंगणात विहिरीसारखा खड्डा झाला.

मला औषधात बुडवलं, घासलं, पुन्हा बुडवलं आणि इथे आणून ठेवलं. आता माझ्यावर एकही जंतू नाही, तसा कागदच आहे शेजारी. पण मला खरं वाटत नाही. पात्यांवर जरा ओल आली की मला तो थेंब आठवतो.

गेल्या महिन्यात आक्का इथे आली. आता तिच्या अंगणात झाड लावायला परवानगी मिळाली होती. तपासलेलं, शिक्का मारलेलं एक रोप तिनं रीतसर घेतलं होतं. ती आत येताना दारातल्या कुंड्यांजवळून गेली, आणि मी बघितलं, तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. बेबीनं कपाट उघडलं. "आई, ही स्वच्छ आहे आता. हवी तर घेऊन जा."

आक्कानं हात पाठीमागेच ठेवले. "नको," ती म्हणाली. "ही हातात आली की मला थोरली आठवणार. आणि थोरली आठवली की मी बाटली विसरणार. इथेच राहू दे तिला." जाताना तिनं काचेवरून बोट फिरवलं, मुठीच्या जागी. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

मित्रांनो, मला तुमच्याकडून कौतुक नको. एवढंच करा. परक्या बागेतली काडी कितीही सुंदर दिसली तरी ती तिथेच राहू द्या. कापायच्या आधी पुसा, नंतर नव्हे. आणि झाडाचा शेंडा काळा पडलेला दिसला तर त्याच दिवशी सांगा, आईला, बाईंना, कुणालाही. लपवू नका. रोग आक्काच्या अंगणात चार काड्यांतून आला. गल्लीत तो लपवल्यामुळे गेला.

आज सकाळचीच गोष्ट सांगते आणि थांबते. एका हसऱ्या माणसानं टेबलावर बॅग ठेवली. घाईत होता, बाहेर त्याची मुलं वाट बघत होती. बेबीनं कपडे बाजूला केले. तळाशी एक मोजा होता, ओला. माझी स्प्रिंग आवळली गेली. बेबीनं मोजा वर धरला आणि काही विचारायच्या आत तो माणूस हसून म्हणाला, "अहो बाई, चारच तर काड्या आहेत. घरच्यासाठी."

बेबी त्याच्यावर ओरडली नाही. तिनं त्याला हाताला धरून माझ्या कपाटासमोर आणून उभं केलं.